‘शुद्ध कार्बन, एकदम न्यूट्रल’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

आधी फसवणुकीचा आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल: 35,920 रुपये. फोटो प्रिंटरच्या करड्या शाईच्या 8 बाटल्यांचे 18,400, ‘तुमच्या पेपरसाठी खास प्रोफाइल’चे (कुठल्या कागदावर कुठली शाई किती टाकायची हे सांगणारी फाइल) 6,500, कुरिअर 380, वाया गेलेले 24 कॉटन रॅग पेपर (सुती लगद्याचा कागद) 7,440 आणि प्रिंटरचं शाई फवारणारं हेड साफ करून घ्यायला 3,200.

मी नवखा नाही. 12 वर्षं घरी प्रिंट काढतोय. प्रिंटरचा स्वतःचा ब्लॅक अँड व्हाइट मोड तसा बरा आहे, पण त्यातही थोडी रंगीत शाई पडतेच. वारीच्या फोटोंतलं आभाळ ट्यूबखाली हिरवट, खिडकीत गुलाबी. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलेलं. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर कुणी म्हणालं, की रंगांच्या जागी सगळ्या करड्याच शाया भरा, तर कुणाला मोह होणार नाही? आणि तो स्वस्तही देत नव्हता. स्वस्त असती तर मला संशय आला असता!

त्याचं वाक्य जसंच्या तसं: “सर, हंड्रेड पर्सेंट कार्बन आणि एकदम न्यूट्रल.” न्यूट्रल म्हणजे कुठल्याच रंगाची झाक नसलेली. अहो, कार्बन पिगमेंट, म्हणजे कार्बनची बारीक पूड, मुळातच तपकिरीकडे झुकतं, फिकट छटांत तर जास्तच. न्यूट्रल हवं तर निळसर काहीतरी मिसळावंच लागतं. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. आणि फोनवर मी काय म्हणालो? “वा!” नमुन्याचा प्रिंट सुरेख होता, तो कुठल्या शाईचा होता देव जाणे. नमुना पाहून पैसे देऊ नका, बाटली पाहून द्या.

खरी चपराक पुढे आहे. शाई भरताना एक थेंब टिश्यूवर सांडला. पसरत गेला आणि कडेला जांभळं, मग गुलाबी वलय उमटलं. कार्बनला रंगीत वलय कुठून येणार? ती सरळसरळ डाय होती, म्हणजे पाण्यात विरघळणारे रंग मिसळून केलेला काळा. मी ते वलय पाहिलं. चांगलं दोन-तीन सेकंद पाहिलं. मग त्याच टिश्यूला बोटं पुसली आणि पुढची बाटली उघडली. इथे थांबलो असतो तर पेपर आणि हेडचे 10,640 वाचले असते.

प्रिंट आधीपेक्षाही हिरवे आले. एकावर पाण्याचा थेंब टाकला तर माउलींच्या पालखीवरून ओघळ आला. प्रोफाइलची फाइल कुठल्यातरी ग्लॉसी पेपरची निघाली. तोवर त्याचा नंबर बंद.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पैसे गेल्यागेल्या 1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी 19 दिवसांनी केला. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझं बिल म्हणजे नुसता मोबाइलमधला फोटो. जीएसटी नंबर आधी मागा! पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे झाले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, “हे दिवाणी आहे.” तिसऱ्यांदा मी दोन प्रिंट शेजारी धरून झाक दाखवली. साहेबांनी ट्यूबखाली पाहिलं, दारात नेऊन पाहिलं आणि म्हणाले, “फोटो आलाय ना? काळा तो काळाच.”

मी पुराव्यासाठी बाटल्या काढल्या. हवालदार म्हणाले, “टेबलावर नका ठेवू, डाग पडेल.”