युनिडेन बीसी १२५ एटी: पोलीस नाहीत, पण रेल्वे खणखणीत

नेपरव्हिल ते डेन्व्हर, साधारण हजार मैल. गाडी नवरा चालवतो आणि आयोवा लागायच्या आतच मला त्याच्या गाण्यांचा वीट येतो. म्हणून यंदा लेकीकडे जाण्याआधी युनिडेनचा बीसी १२५ एटी हा हातात मावणारा स्कॅनर, म्हणजे इतरांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र, घेतला. सव्वाशे डॉलरच्या आसपास पडला. दुकानातल्या पोराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "हायवे पोलीस, फायर, सगळं ऐकू येईल." कसलं काय! हा स्कॅनर ॲनालॉग आहे आणि आमच्या वाटेवरच्या राज्यांचे हायवे पोलीस आता पी-२५ या डिजिटल यंत्रणेवर बोलतात. डेन्व्हर पोलिसांचं बोलणं तर २०१९ पासून एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद आहे, ते डिजिटल स्कॅनरवरही ऐकू येत नाही. बाकीचे पोलीस ऐकायचे असतील तर हा घेऊ नका, कितीतरी जास्त पैसे मोजून डिजिटल घ्या.

मग मी हा परत का केला नाही? कारण मी भुसावळची. बाबा रेल्वेत गार्ड होते.

चॅनल भरायचं काम वाटतं तितकं अवघड नाही. एकूण ५०० चॅनल, त्यांच्या १० बँका, प्रत्येकीत ५०. स्कॅन चालू असताना आकड्याचं बटण दाबलं की ती बँक चालू किंवा बंद होते. त्यामुळे मिळेल ते मिळेल तिथे कोंबू नका, मसाल्याच्या डब्यासारखे कप्पे करा. माझी बँक १ ट्रकवाल्यांची, २ आणि ३ रेल्वेची, ४ विमानांची. अमेरिकन रेल्वेचे नेहमीचे चॅनल १६०.२१५ पासून १६१.५६५ मेगाहर्ट्झपर्यंत, १५ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत. होतात ९१. कुठल्या गावात कुठला लागेल हे शोधत बसण्यापेक्षा सगळेच भरून टाकले. यूएसबी केबल लावून कंप्युटरवरून भरले, अर्ध्या तासात झाले. बटणं दाबत बसले असते तर दोन संध्याकाळी गेल्या असत्या.

ट्रकवाल्यांचा चॅनल १९ तेवढा हाताने भरला आणि तिथेच घोळ घातला. २७.१८५ च्या जागी २७१.८५ दाबलं. हा स्कॅनर २२५ ते ३८० हा लष्करी विमानांचा पट्टाही ऐकतो, त्यामुळे त्याने आकडा निमूटपणे घेतला. अख्खं इलिनॉय गप्प! आयोवातल्या वॉलकॉटच्या त्या जगातल्या सगळ्यात मोठ्या म्हणवणाऱ्या ट्रकस्टॉपवर शेकडो ट्रक उभे, तरी हूं की चूं नाही. नवरा म्हणाला, "तुझे ट्रकवाले झोपलेत." तेव्हा कुठे पडद्यावरचं टिंब नीट पाहिलं.

आणखी एक, काचा बंद करून आतल्या रबरी अँटेनावर फारसं काही मिळत नाही. टपावर लोहचुंबकाने बसणारी अँटेना घ्याच, बीएनसी जोडाची. खरखर थांबेपर्यंत स्क्वेल्च (खरखर दाबायची सोय) वाढवा, पण त्यापुढे नको, नाहीतर लांबचे आवाज गाळले जातात.

हवामानाचे सात चॅनल आधीच भरलेले असतात. मात्र इशारा काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) नावाने येतो आणि आपण कुठल्या काउंटीत आहोत हे हायवेवर कुणाला ठाऊक असतं? कागदी नकाशा मांडीवर ठेवा. नेब्रास्कातल्या कर्नीच्या अलीकडे "बफेलो काउंटी"त गारांचा इशारा आला. आम्ही पेट्रोलपंपाच्या छपराखाली गाडी घातली आणि दहा मिनिटांत सुपारीएवढ्या गारा. त्या दिवशी स्कॅनरचे पैसे वसूल झाले.

कायदा मात्र बघून घ्या. इंडियाना, मिनेसोटा, फ्लोरिडा, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत. नणंदेकडे न्यू जर्सीला जाताना वाटेत इंडियाना लागतं, म्हणून तेव्हा तो घरीच राहतो.

कर्नीनंतर युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे रूळ मैलोन्‌मैल हायवेला समांतर धावतात, थेट नॉर्थ प्लॅटच्या अवाढव्य बेली या रेल्वे यार्डापर्यंत. तिथे बँक २ आणि ३ सोडून सगळं बंद केलं. थोड्या वेळाने एक यांत्रिक आवाज आला: अमुक मैलाचा दगड, दोष नाही, एकूण धुरे इतके. रुळांशेजारचं यंत्र गाडी पुढे गेली की स्वतःच सांगतं. आपल्याकडे हॉट ॲक्सल (तापलेला धुरा) दिसतोय का हे स्टेशनवरचा माणूस बावटा धरून उभा राहून बघायचा. लांबलचक मालगाडी आमच्या उजव्या हाताला चालली होती आणि तिची तब्येत मला गाडीत बसून कळत होती.

ते रेकॉर्ड करून बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "गार्ड कुठे बसतो?" म्हटलं, इथे मालगाडीला गार्डच नाही. शेवटच्या डब्यावर एक डबी लावतात, ती ब्रेकच्या हवेचा दाब इंजिनाला कळवते. ४५७.९३७५ वर तिची चिवचिव ऐकू येते. तीही पाठवली. बाबांनी दोनदा ऐकली म्हणे, आणि आईला सांगितलं, "हा बघ माझा बदली गार्ड."