दिसेनासा झालेला डीव्हीडी ड्राइव्ह आणि यूएसबी केसिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू: लॅपटॉपच्या १२.७ मिलिमीटर जाडीच्या साटा (ड्राइव्ह जोडण्याची एक पद्धत) डीव्हीडी रायटरसाठीचं यूएसबी केसिंग, म्हणजे ड्राइव्ह आत बसवून यूएसबीने जोडायचा डबा. खरेदी ग्रँट रोड स्टेशनजवळ, लॅमिंग्टन रोडवर, चार-पाचशे रुपयांच्या घरात. आत बसवलेला ड्राइव्ह जुन्या लॅपटॉपमधलाच, विंडोजला एकाएकी दिसेनासा झालेला. वापर आठ महिने, त्यात अख्खा पावसाळा.

निकाल आधीच सांगतो: केसिंग पैसे वसूल, सोबतची वायर टाकाऊ.

केसिंगचा खरा उपयोग तपासणीसाठी आहे, तो दुकानात कोणी सांगत नाही. तिथे उत्तर ठरलेलं असतं: ‘ड्राइव्ह गेला, नवीन एक्स्टर्नल घ्या.’ पण ड्राइव्ह दिसत नाही याचा अर्थ तो मेला असा होत नाही. विंडोज बिघडलेलं असू शकतं, लॅपटॉपच्या बाजूचा कनेक्टर सैल असू शकतो, किंवा ड्राइव्ह खरोखरच संपलेला असू शकतो. पहिल्या प्रकारात एक पैसाही लागत नाही. उरलेल्या दोहोंतला फरक केसिंग पाच मिनिटांत दाखवतं.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग्ज) उघडा. लॅपटॉप चालू करताना एफ२ (काही कंपन्यांत एफ१० किंवा एफ१). साटा उपकरणांच्या यादीत ड्राइव्हचं नाव दिसलं, तर वायर-कनेक्टर बहुतेक ठीक आहेत आणि घोळ विंडोजचा आहे. बायोसमधला साटा मोड मात्र ‘बघू या काय होतं’ म्हणून बदलू नका, विंडोज उघडायचंच थांबेल. बायोसमध्ये सगळी उपकरणं दाखवत नसतील तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू होतो) लावून बघा. तिथे डिस्क वाचली गेली की ड्राइव्ह निर्दोष सुटला.

विंडोजच्या बाजूने डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडून ड्राइव्हवर पिवळं उद्गारचिन्ह आहे का ते बघा. त्यावर डबल क्लिक केल्यावर कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ दिसला, तर दोषी बहुधा जुनं डिस्क रायटिंगचं किंवा व्हर्च्युअल ड्राइव्हचं सॉफ्टवेअर असतं. ते काढून टाकलं तरी त्याचं फिल्टर (ड्राइव्हच्या ड्रायव्हरला जोडलेली फाइल) रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, नोंदलेलं राहतं आणि विंडोज ड्राइव्ह चालू करताना त्या हरवलेल्या फाइलपाशी अडतं. इलाज असा: रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे परतण्यासाठीची नोंद) करा, रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं उतरत जा आणि ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणारी की (फोल्डरसारखा कप्पा) उघडा. अशा दिसणाऱ्या बऱ्याच की शेजारी शेजारी असतात. उजवीकडे ‘क्लास’समोर सीडीरॉम लिहिलेलं असेल तरच पुढे जा. तिथल्या ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या दोन नोंदी उडवून रीस्टार्ट करा. दोन्ही नसतील, एकच असेल, तर तेवढीच उडवा. यानंतर एखादं रायटिंग सॉफ्टवेअर कुरकुरलं तर ते पुन्हा इन्स्टॉल करायचं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह धड दिसतो, पण ‘धिस पीसी’मध्ये नाही? मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला अक्षर द्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र आयटी विभागाने पॉलिसी लावून डिस्क बंद केलेली असू शकते; तिथे त्यांनाच विचारा.

‘डीव्हीडी ड्रायव्हर डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला पैसे देऊ नका. विंडोजचा स्वतःचा सीडीरॉम ड्रायव्हर सोबतच येतो, वेगळा लागत नाही.

आता बायोसमध्येच नाव नाही असं धरू. लॅपटॉप चालू असताना इजेक्टचं बटण दाबा. लॅपटॉपचा ट्रे मोटरने बाहेर येत नाही. बटण दाबल्यावर आतली खिट्टी ‘टक’ करून सुटते आणि ट्रे स्प्रिंगने सेंटिमीटरभर पुढे येतो. टक झालं म्हणजे वीज पोहोचते आहे, गडबड डेटाच्या बाजूला. काहीच झालं नाही तर वीजच नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बहुतेक मॉडेलांत खालच्या बाजूला एकच स्क्रू ड्राइव्हला धरून असतो, शेजारी डिस्कचं छोटं चित्र कोरलेलं असतं. तो काढला की ड्राइव्ह बाजूने सरकून बाहेर येतो.

मागचा कनेक्टर नीट बघा. दोन जिभा दिसतील: लांब जीभ डेटाची, सात पिनांची, आखूड जीभ विजेची, सहा पिनांची. हा स्लिमलाइन साटा, फक्त ५ व्होल्टवर चालणारा. हार्ड डिस्कची वायर इथे बसत नाही, कारण तिच्या विजेच्या बाजूला पंधरा पिना असतात. समुद्राच्या हवेने पिनांवर काळपट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या इअरबडने पुसा, पूर्ण वाळू द्या, परत सरकवा. नुसतं काढून-घालूनही काही वेळा काम भागतं.

तरी दिसत नसेल तर केसिंग. घेण्याआधी जाडी मोजा: १२.७ की ९.५ मिलिमीटर. ९.५ च्या केसिंगमध्ये १२.७ चा ड्राइव्ह जाणार नाही. फार जुन्या लॅपटॉपमध्ये ५० पिनांचा आयडीई (साटाच्या आधीची पद्धत) कनेक्टर असतो, त्याला वेगळं केसिंग लागतं. ड्राइव्हच सोबत नेला की दुकानात वाद राहत नाही.

बसवताना अडचण पुढच्या पट्टीची येते. लॅपटॉपची पट्टी वळणदार असते, केसिंगमध्ये ती अडते. वीज नसताना ट्रे उघडायला पट्टीवरच्या बारीक भोकात पेपर क्लिपची सरळ केलेली तार घाला. स्प्रिंगला लागल्याचं बोटाला जाणवतं, मग ट्रे सुटतो. पट्टीच्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या नखाने एकेक करून सोडवा, मधल्या खिट्टीला घाई केली तर ती तुटते. मग केसिंगसोबतची सपाट पट्टी लावा. ट्रे उघडा असताना तोल सांभाळा. या ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेवरच असतं आणि एक पातळ चपटी केबल प्रत्येक उघडझापीला दुमडते. ट्रेवर जोर पडला की पहिली तीच जाते.

केसिंगमध्ये ड्राइव्ह चालला, तर दोष लॅपटॉपच्या कनेक्टरचा किंवा बोर्डाचा. आमच्याकडे नेमकं हेच निघालं. दुसऱ्या लॅपटॉपलाही केसिंगमधून दिसला नाही, तरच ड्राइव्ह भंगारात.

आता तक्रारी. सोबतची वायर बारीक आणि लांब, तिच्यात व्होल्टेज घटतं. डिस्क फिरायला सुरुवात होते त्या क्षणी ड्राइव्ह सर्वात जास्त करंट ओढतो, अनेक ड्राइव्ह १ अँपिअरपर्यंतही. यूएसबी २.० च्या पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची, ३.० ची ९००. म्हणून रिकामा ट्रे असताना ड्राइव्ह व्यवस्थित दिसतो आणि डिस्क घातली की ‘सूंऽऽ’ करून गायब होतो, कधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (उपकरणाने बिघाड कळवला) येतो. लोक पुन्हा ड्राइव्हलाच दोष देतात. वाय वायर घ्या, दोन प्लगांची. दुसरा प्लग फक्त विजेसाठी, तो मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरमध्येही चालतो. बऱ्याच लॅपटॉपांत एका बाजूचे पोर्ट थेट मदरबोर्डवर आणि दुसऱ्या बाजूचे रिबन केबलने जोडलेल्या छोट्या बोर्डावर असतात. पोर्ट बदलूनही फरक पडतो. विनावीज (स्वतःचा चार्जर नसलेला) यूएसबी हब तर नकोच.

स्लीपमधून उठल्यावर ड्राइव्ह गायब होणं हा दुसरा त्रास. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढली, तेव्हापासून पुन्हा झालं नाही.

पावसाळ्यात दिसण्यात अडचण आली नाही, वाचण्यात आली. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. त्यामुळे डीव्हीडीचा लेझर थकला तर सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही असंही होतं, आणि त्याला रजिस्ट्रीत औषध नाही. आधी भिंग ब्लोअरने फुंकून घ्या. बुरशी आलेल्या डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. एमआरआयच्या सीडी आणि लग्नाच्या डीव्हीडी वाचून होताच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवल्या. हा ड्राइव्ह त्याच कामाला ठेवला आहे. लग्नाच्या डीव्हीडी विंडोज १० मध्ये नुसत्या उघडून चालत नाहीत, व्हीएलसी हा प्लेअर लागतो. आणि परदेशातून आलेली डीव्हीडी लावताना रीजन (कुठल्या देशांतल्या डीव्हीडी चालतील तो क्रमांक) बदलायला विचारलं तर जपून: भारताचा रीजन ५, आणि ड्राइव्ह फक्त ५ वेळा बदल करू देतो.

लॅपटॉपमधली रिकामी जागा उघडी ठेवू नका, मुंबईत ती झुरळांना आयती खोली मिळते. ड्राइव्हची मूळ पट्टी डमी कॅडीला (ड्राइव्हच्या आकाराची रिकामी चौकट) लावून ती जागा बंद केली आहे. तिथे एसएसडीची (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण) कॅडी बसवण्याचा मोह होईल; पण कनेक्टरच गेलेला असेल तर तीही दिसणार नाही.