फ्लूची लस की ओसेल्टामिविर?

दारव्ह्याकडच्या आशाताईंचा प्रश्न: सासऱ्यांना दमा आहे, दरवर्षी फ्लूची लस द्यावी, की ताप आल्यावर ओसेल्टामिविरच्या, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरच्या, गोळ्या?

खर्चात गोळ्या सरस. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लस बहुधा खासगीतच, दरवर्षी नव्यानं.

खरी मेख वेळेची. गोळी ४८ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वाधिक उपयोग, आणि आपल्याकडे तेवढे दोन दिवस मेडिकलमधल्या पुडीवर, सोयाबीन सोंगण्यात जातात. लसीला असर करायला दोन आठवडे लागतात, पण ती आधीच घेता येते. साठवण मात्र २ ते ८ अंशांत हवी. मे महिन्यात लाइट जाते, तेव्हा फ्रिजची चौकशी करूनच घ्या.

विषाणू अगदी नवा असेल तर जुन्या लसीचा भरवसा नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची लस साथ पसरल्यावर काही महिन्यांनी आली. म्हणूनच न्यूझीलंडसारखा छोटा देशही गोळ्यांचा राष्ट्रीय साठा राखतो.

सासऱ्यांना, गरोदर बाईला, शुगरवाल्यांना पावसाळ्याआधी लस. तरीही ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. धडधाकटांनी धाप लागली की थांबू नये.