अंबाजोगाईला आलेला चिकाचा हलवा आणि तो पाठवणारा छोटा न्यास

गेली दोन वर्षे घटस्थापनेच्या सुमारास आमच्या घरी ठाण्याहून एक डबा येतो. त्यात बेने इस्रायल या मराठीभाषक यहुदी समाजातील काही स्त्रियांनी केलेला चिकाचा हलवा असतो आणि त्याच्या विक्रीतून उरणारी रक्कम त्यांचा छोटा न्यास आपल्या समाजातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या औषधपाण्यासाठी वापरतो. मागणी वाढली तर आपल्याला झेपणार नाही म्हणून नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळते आहे.

प्रथम हलव्याविषयी. मराठवाड्यातील बाईला गव्हाचा चीक काय असतो हे सांगावे लागत नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चोथा पिळून काढायचा, चीक रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळी अलगद ओतून टाकायची, हे सारे माझ्या आईने मला शिकवले. या स्त्रिया हलव्यासाठीही हेच सारे करतात. पुढे वाट बदलते. आपण चीक पाण्यात हाटून सोऱ्याने कुरडया घालतो, तर त्या तो नारळाच्या दुधात साखरेसह मंद आचेवर दीड-दोन तास ढवळत राहतात आणि मिश्रण पातेल्याच्या कडा सोडू लागले की थाळ्यात ओतून, वेलदोडा आणि बदाम-पिस्त्याचे काप पेरून वड्या पाडतात. तुपाचा थेंबही नसतो. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये या धर्माज्ञेमुळे मांसाहाराबरोबर दूधदुभते चालत नाही, आणि सणाच्या जेवणात मटण असतेच. त्यामुळे गोड पदार्थात गाईम्हशीच्या दुधाची जागा नारळाने घेतली. कोकणात नारळाची ददात नव्हती, हेही खरे.

चवीला हा हलवा बाजारातल्या रबरासारख्या हलव्याच्या जवळपासही जात नाही. वडी बोटाने दाबली की दबते, सोडली की पूर्ववत होते, आणि जिभेवर आधी नारळ, मग साखर व अगदी शेवटी आंबवलेल्या गव्हाची ती ओळखीची किंचित आंबूस छटा येते. त्या छटेने मला आमच्या अंगणातला उन्हाळा आठवला. गोडी माझ्या मते थोडी जास्त आहे. अर्ध्या किलोला साडेचारशे रुपये आणि पार्सलचे वेगळे, हा दर एवढ्या कष्टाला मुळीच अधिक नाही.

हा पदार्थ त्यांच्या वर्षारंभाचा, म्हणजे रोश हशनाचा. जुनी माणसे त्याला नव्याचा सण म्हणतात. यहुदी महिनाही चंद्रावर चालतो आणि १९ वर्षांत ७ वेळा त्यात एक महिना जास्तीचा धरतात, आपल्या अधिकमासासारखाच. त्यामुळे हा सण पुष्कळदा घटस्थापनेच्या आगेमागे येतो. २०२४ साली तर दोन्हींचा दिवस ३ ऑक्टोबर हाच होता. माझे नऊ दिवस उपवास असतात आणि उपवासाला गहू चालत नाही. डबा सर्वपित्री अमावास्येला सकाळी मिळाला म्हणून त्या वर्षी माझ्या वाट्याला दोन वड्या तरी आल्या. उरलेल्या वड्या नातवंडांनी संपवल्या.

आता न्यासाविषयी, कारण हे लिहायला मी बसले ती खरे तर त्याच्यासाठी. आमच्या गावच्या एका ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळावर मी बारा वर्षे काम केले आहे, त्यामुळे कोणत्याही संस्थेचा हिशेब मी जरा बारकाईने पाहते. माझ्या एका निवृत्त सहशिक्षिकेमुळे, त्या मूळच्या अलिबागकडच्या, या स्त्रियांशी ओळख झाली, आणि पहिल्या डब्याबरोबरच एका पानाचा हाताने लिहिलेला जमाखर्च आला. गहू, नारळ, साखर, गॅस, डबे, आणि उरलेल्या रकमेतून किती जणांची औषधे आणि किती दिवस रात्रीच्या मदतनीस बाईंचा पगार, एवढेच. एकाही वृद्धाचे नाव त्यात नव्हते. मदत घेणाऱ्यांचे फोटो छापून देणगी मागण्याची रीत सगळीकडे रुजत असताना हे पाहून मला फार बरे वाटले.

देणगी न मागता हलवा का विकता, असे मी विचारले, तेव्हा मिळालेले उत्तर छोट्या संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. एकाच धर्मसमाजाच्या हितासाठी असलेल्या न्यासाला दिलेल्या देणगीवर देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही. या वृद्धांचे बहुतेक नातेवाईक १९४८ नंतरच्या काळात इस्रायलला गेले आणि तिथले नागरिक झाले. त्यांनी मावशीच्या औषधासाठी न्यासाकडे पैसे पाठवले, तर ते कायद्याने परकीय निधी ठरतात आणि तो स्वीकारण्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्या नोंदणीसाठी आधीच्या तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले असावे लागतात, आणि या न्यासाची उलाढाल त्याच्या आसपासही नाही. म्हणजे ज्यांना द्यायचे आहे त्यांच्याकडून सहजी घेता येत नाही. तेव्हा पातेले चुलीवर चढवण्यावाचून गत्यंतर नाही.

मराठवाड्यातून पुण्याला उपचारासाठी गेलेल्या माणसाला ससून रुग्णालय माहीत असते, पण ते ज्यांच्या देणगीतून उभे राहिले ते डेव्हिड ससून बगदादहून मुंबईस आलेले यहुदी होते, हे सहसा ठाऊक नसते. बेने इस्रायल त्यांच्याहून वेगळे. ते कोकणात शतकानुशतके राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले मराठीभाषक लोक. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली, ती आज माझगावची सर एली कदूरी शाळा. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोपर्यंत भारतभरातील त्यांची संख्या काही हजारांवर येऊन ठेपली होती. पैशापेक्षा माणसांची चणचण मोठी आहे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या एखाद्या गावी मयत झाले की ही दहा माणसे जमवण्यासाठी हा न्यास गाडी करून देतो. जमाखर्चाच्या पानावर ‘गाडीभाडे, दहा जणांसाठी’ अशी ओळ होती आणि तिचा अर्थ मला फोनवर विचारून घ्यावा लागला. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मागणी नोंदवण्यासाठी एकच फोन आहे, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत तो कोणी उचलत नाही. हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, आहे आणि त्याबद्दल तक्रार असूच नये, परंतु हे आधी सांगितले जात नसल्याने नवा माणूस गोंधळतो. डब्यावर पदार्थ केल्याची तारीख लिहिलेली नव्हती. नारळाच्या दुधाचा पदार्थ फ्रीजबाहेर फार टिकत नाही, म्हणून ही त्रुटी मला गंभीर वाटते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्यांना पूर आले असताना, खासगी बसने पाठवलेला डबा दोन दिवस उशिरा आला तो आंबूनच. दोष पावसाचा होता. तरीही मी नुसते कळवल्यावर त्यांनी न मागता पूर्ण पैसे परत पाठवले. ते औषधांकडे वळवा असे मी सांगितले, तर आधी परतावा आणि मग माझ्या संमतीने नवी जमा, अशा दोन स्वतंत्र नोंदी केलेले पान पुढच्या आठवड्यात टपालाने आले.

पहिल्याच वर्षी मी मलिदाही मागितला होता. सहशिक्षिकेच्या घरी एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नवसाचा मलिदा, म्हणजे गूळ-खोबरे घातलेले गोड पोहे आणि सोबत फळे, मी खाल्ला होता आणि तो मला फार आवडला होता. उत्तर आले की मलिदा विकायचा नसतो, तो प्रार्थनेनंतर वाटायचा असतो. आपण घरी या. हे मला पटले.

ज्यांच्या ओळखीत ठाणे, पनवेल किंवा अलिबागकडचे बेने इस्रायल कुटुंब असेल त्यांनी त्यांच्याकडे चौकशी करावी, मागणी गणपतीतच नोंदवावी, कारण गहू किती भिजवायचा हे तेव्हा ठरते, आणि डबा येताच फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा. यंदा डब्यावर तारीख घालणार असल्याचे त्यांनी मला कळवले आहे, आणि मी एक किलो नोंदवला आहे.