ग्राउंड लूप आयसोलेटर: शिट्टी थांबते, अर्थिंग तसंच राहतं

गाडीतल्या डेकला (म्युझिक सिस्टीमला) वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) जोडला की पुष्कळ गाड्यांत स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू होते. रेस दिली की चढते, पाय काढला की उतरते. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात ही तक्रार सांगा, काउंटरखालून एक काळी डबी निघते. दोन्ही टोकांना आरसीएच्या (मधे पिन, भोवती कडी अशा ऑडिओ प्लगच्या) दोन-दोन शेपट्या, किंमत साधारण दोनशे ते चारशे रुपये. दुकानदार तिला ‘नॉइज फिल्टर’ म्हणतो. ती फिल्टर नाही, ग्राउंड लूप आयसोलेटर आहे, आणि हा फरक कळला नाही तर पैसे वाया जातात. पाचपैकी अडीच गुण. त्यातले दोन तपासणीचं हत्यार म्हणून.

डबी उघडली तर आत बोराएवढे दोन ट्रान्सफॉर्मर दिसतात, गरम गोंदाच्या थेंबांनी चिकटवलेले. डाव्या चॅनेलला एक, उजव्याला एक, दोन्ही बाजूंना सारखेच फेरे. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, तांब्याची सलग वाट मात्र राहत नाही. तिचं काम एवढंच.

ही वाट तोडायची कशाला? डेकचं मायनस डॅशबोर्डच्या आत, ॲम्पचं डिकीत. दोन्ही बॉडीलाच लावलेले, पण मधल्या पत्र्यातून डायनामोचा करंट परतत असतो, त्यामुळे दोन टोकांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. तेवढ्यानेही आरसी‌एच्या बाहेरच्या जाळीतून करंट वाहतो. बॉडी आणि जाळी मिळून झालेलं हे वेटोळं म्हणजेच ग्राउंड लूप. ती जाळी म्हणजे सिग्नलचीच दुसरी तार, म्हणून ॲम्प हा फरक गाण्यासकट मोठा करतो. डायनामोचा (म्हणजे अल्टरनेटरचा) तीन फेजचा करंट सहा डायोड सरळ करतात, तरी त्यावर थोडी लहर उरतेच. इंजिनाचे फेरे वाढले की लहर जलद होते आणि शिट्टीचा सूर वर जातो.

विकत घेताना काउंटरवरच मल्टिमीटर लावा. बझरवर ठेवून एका बाजूच्या आरसीएची बाहेरची कडी आणि त्याच चॅनेलच्या दुसऱ्या बाजूची कडी जोडा. बीप वाजता कामा नये. वाजली तर आत दोन्ही मायनस एकत्र बांधलेत, म्हणजे आयसोलेशनच नाही; असे नग सर्रास विकले जातात. मग एकाच बाजूची मधली पिन आणि कडी यांचा रोध बघा. काही दहा ते काही शे ओहम दाखवेल, आकडा दोन्ही चॅनेलला जवळपास सारखा हवा. काहीच दाखवत नसेल तर आतली केसाएवढी तार तुटलीय. शेपूट ओढून बसवली की हीच तार आधी जाते.

बेस हा या डबीचा मोठा दोष. तेवढाच आवाज ५० हर्ट्झला द्यायचा तर गाभ्यात १०० हर्ट्झच्या दुप्पट चुंबकत्व लागतं, आणि बोराएवढा गाभा तिथे भरून जातो. लहरीचं टोक चेपतं. भजनात पखवाजाची धुम नुसती ‘थप्’ ऐकू येते, मागची घुमणूक गायब. डेकचा प्री-आउट (ॲम्पसाठीचा आरसीए सिग्नल) ४ व्होल्टचा असेल तर हे लवकर होतं, २ व्होल्टच्या डेकवर थोडं उशिरा. फोनवरून ४००, १००, ५० आणि ३० हर्ट्झचे टोन वाजवून डबीच्या अलीकडे-पलीकडे एसी व्होल्ट मोजले की फरक समोर येतो. सबवूफरच्या लाइनमध्ये ही डबी घालूच नये.

गाडीत मात्र डबी सगळ्यात आधी लावायची नाही. इंजिन चालू ठेवून आवाज पूर्ण शून्यावर आणा. शिट्टी आवाजाबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधीच शिरतेय. बहुतेक वेळा सिगारेट-लायटरच्या चार्जरवर लावलेला फोन आणि त्याचीच ऑक्स वायर यातून येते. चार्जर काढला की गप्प? मग ऑक्समध्ये लावायची ३.५ मिलिमीटर जॅकची छोटी डबी घ्या. त्या जागी ती खरोखर चांगली, तिथे पूर्ण गुण.

आवाज शून्यावर आणूनही शिट्टी तेवढीच राहिली तर ॲम्पकडे जा. आधी सगळं बंद करा. चालू सिस्टीमवर आरसीए काढला-घातला तर काही डेकच्या आत आरसीएच्या मायनसला असलेला बारीक फ्यूज उडतो, आणि मग शिट्टी आधीपेक्षा वाईट होते. हा फ्यूज शाबूत आहे का, ते आरसीएची कडी आणि डेकची लोखंडी बॉडी यांत बीप लावून कळतं. बहुतेक डेकमध्ये ती वाजते. आता ॲम्पच्या इनपुटमधून आरसीए काढून तिथे शॉर्ट प्लग घाला. जुन्या आरसीए पिनीत मधली तार आणि कडी डागून टाकली की प्लग तयार. गाडी सुरू करा. शांत झालं तर आवाज डेककडून किंवा केबलमधून येतोय. शिट्टी तशीच असेल तर दोष ॲम्पच्या प्लस-मायनसमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत आहे, आणि तिथे आयसोलेटर दहा लावले तरी उपयोग नाही. शांत झालं असेल तरच डबी मध्ये घाला. शिट्टी गेली की लूपच होता असं समजा आणि डबी काढून अर्थिंगला हात घाला.

अर्थिंग ओहमवर तपासू नका. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, आणि केबलचा एकच धागा टिकून असला तरी मीटर ‘ठीक’ सांगतो. त्याऐवजी डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला (क्लॅम्पला नव्हे), दुसरं ॲम्पच्या मायनस स्क्रूला. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर सोडून द्या; ०.२ च्या वर गेलं की वाटेत कुठेतरी जोड सैल आहे नाहीतर गंजलाय. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात मॅटखालचा ओलावा महिनोन्‌महिने राहतो, बोल्ट वरून चकचकीत आणि खाली तांबूस पूड. पत्रा रुपयाच्या नाण्याएवढा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासा. दातेरी वॉशर, दाबून बसवलेलं लग (तारेच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल), एम-८ चा बोल्ट, घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा रंग. मायनसची तार प्लसइतकीच जाड, लांबी ४५ सेंटीमीटरच्या आत. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरायचा नाही: त्याच्या आट्यांवर रंग आणि लॉकचा थर असतो, आणि जीव त्याच बोल्टवर टांगलेला असतो. बरेच फिटर नेमका तोच पकडतात. प्लस केबल आणि आरसीए गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या, ओलांडावी लागलीच तर काटकोनात. सगळ्यात शेवटी ॲम्पचा गेन (आलेला सिग्नल किती मोठा करायचा, तो नॉब) उतरवा. तो बेसचा नॉब नव्हे.

डबीवर ‘सर्व प्रकारचा आवाज बंद’ असं छापलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. टिक-टिक येत असेल तर ती पेट्रोल गाडीच्या इग्निशनची. रेझिस्टरवाले प्लग आणि चांगल्या प्लग वायरी हाच इलाज. डिझेल बोलेरोत स्पार्क प्लगच नसतात, तिथे टिक-टिक रिले किंवा इंडिकेटरची धरा. चावी फिरवताच दोन-तीन सेकंद घुर्र येऊन थांबत असेल तर तो टाकीतला पेट्रोलचा पंप. फक्त रेडिओवर खरखर येत असेल तर स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम, एलईडी हेडलाइट यांच्यावर संशय घ्या. सेलवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हला लावा, धारवाड आकाशवाणीच्या ७६५ किलोहर्ट्झपासून थोडा बाजूला, रिकाम्या जागी. तो हातात धरून डॅशबोर्डजवळ फिरवला की जिथे खरखर वाढते तिथेच चोर.

डायनामोचा डायोड गेला असेल तर शिट्टी जाडसर येते आणि अर्थिंग कितीही घासा, हटत नाही. बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. ०.१ च्या आसपास ठीक. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर डायनामो उतरवा. एक खोच आहे. पिवळ्या स्वस्त मीटरवर एसीच्या पट्टीत डीसीच दुप्पट होऊन २८ दिसतं, टोकं उलटी केली की शून्य. तसं झालं तर तो आकडा मीटरचा खोटेपणा. दुसऱ्या, चांगल्या मीटरने पुन्हा मोजा.

कंपनीच्या डेकवरून ॲम्पला सिग्नल घेणाऱ्यांनी ही डबी त्या स्पीकर वायरींना लावू नये. तिथल्या प्लस आणि मायनस दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट असतात. त्यातला मायनस आरसीएच्या कडीतून बॉडीला टेकला की डेकमधली आउटपुट आयसी जाते. त्यासाठी हाय-टू-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा मोठा सिग्नल आरसीएच्या पातळीला आणणारा) वेगळा मिळतो, आणि तोही घेताना वरचीच बीपची परीक्षा काउंटरवर करून घ्या.