कायरल कॉलम: काम चोख, पण आधी सी-१८ ला संधी द्या

एचबीसीडीचे, म्हणजे थर्माकोलच्या इन्सुलेशनमध्ये आग रोखायला घालायचे त्या हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेनचे आयसोमर (अणू तेच, मांडणी वेगळी) सोडवायला, म्हणजे एकमेकांपासून वेगळे करायला, परमिथाइलेटेड बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा कायरल कॉलम (आरशातल्या प्रतिमांसारखे रेणूही वेगळे करणारी नळी) घेतला, त्याला आठ महिने झाले. पाचपैकी साडेतीन स्टार. जे दीड कापलेत त्यातला अर्धा माझ्याच घाईमुळे गेलाय.

तुम्हाला नुसते अल्फा, बीटा, गॅमा हे आयसोमर वेगळे हवे असतील तर याच्या नादाला लागूच नका, ते तिघं साध्या सी-१८ वर (नेहमीचा, कायरल नसलेला कॉलम) सुटतात, पाण्यासोबत मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइल दोन्ही ठेवून ग्रेडियंट लावला (म्हणजे त्यांचं प्रमाण हळूहळू बदलत नेलं) की झालं. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी, यात सॅम्पल तापवतात) तर अजिबात नको, १६० डिग्रीच्या वर हे एकमेकांत बदलायला लागतात आणि मग सॅम्पलमध्ये होतं ते मोजतोय की मशीनच्या ओव्हनमध्ये तयार झालं ते, काही कळत नाही.

या कॉलमची गरज पडते ती त्याच्या पुढं. कागदावर या रेणूचे १६ स्टिरिओआयसोमर निघतात, ६ आरशातल्या जोड्या आणि ४ मेसो (ज्यांची आरशातली प्रतिमा म्हणजे तेच स्वतः). जोडीतले प्लस-मायनस सी-१८ ला एकच दिसतात आणि एमएसलाही (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर), सगळ्यांचं आपलं ६४०.६ वस्तुमानाच्या आयनवरून ७९ चा तुकडा. इथं मात्र जोड्या फुटल्या राव, गॅमाचे दोन पीक (आलेखातले उंचवटे) तर असे आले की मध्ये बेसलाइन पार खाली टेकते. अल्फा-बीटाचे पीक मात्र एकमेकांना खेटून येतात, मास सारखंच म्हटल्यावर एमएस काय मदत करणार, म्हणून मी आधी सी-१८ वर अल्फाचा भाग गोळा करते आणि तोच इकडं घालते. डबल काम आहे, पण डोक्याला ताप नाही.

स्टार कापला तो माहितीपत्रकासाठी. त्यात फक्त स्वच्छ स्टँडर्डचे देखणे क्रोमॅटोग्राम, चरबीवाल्या सॅम्पलबद्दल चकार शब्द नाही. तयार मालात गॅमा जास्त असतो पण माशात अल्फाच भरतो, तर माझ्या माशात अल्फाचं ईएफ (जोडीतल्या एकाचा दोघांच्या बेरजेतला वाटा) ०.४३ आलं. रेसेमिक, म्हणजे दोघं निम्मे-निम्मे, असतील तर ०.५, म्हणजे माशाच्या शरीरात जोडीतला एकच जास्त उरतोय, मी एकदम खूश, ग्रुपवर सांगूनसुद्धा टाकलं. (अर्धा स्टार इथं गेला.) दुसऱ्या दिवशी सहज कार्बन-१३ वाल्या लेबल्ड स्टँडर्डचे (तोच रेणू, फक्त जड कार्बनचा, सॅम्पलमध्ये मुद्दाम मिसळलेला) पीक बघितले, ते तर मी स्वतःच्या हातानं रेसेमिक घातलेलं, आणि त्याचंही ०.४४! जोडीतल्या एका पीकच्या वेळेलाच चरबीतलं काहीतरी बाहेर पडत होतं आणि आयन दाबत होतं, म्हणजे त्या पीकचा सिग्नल कमी करत होतं, माशानं काहीच निवडलं नव्हतं. लेबल्डवरून दुरुस्ती केली तर ०.४९.

त्यामुळे बजेट एकाच वस्तूचं असेल तर आधी लेबल्ड स्टँडर्ड घ्या, ते सी-१८ वरही कामाला येतं. कॉलम नंतर.

बाकी रन लांबलचक आहे, रात्री लावून घरी जायचं. हल्ली गॅमाचा दुसरा पीक थोडी शेपटी काढतोय, गार्ड (कॉलमच्या आधी लावायचा छोटा संरक्षक कॉलम) बदलून बघते आणि इथंच टाकते काय झालं ते.