हार्डविक हॉलच्या चित्रासाठी शाई: पक्की की विरघळणारी?

इंग्लंडमधल्या डर्बीशायरला निघालेल्या मैत्रिणीने विचारलं, हार्डविक हॉल शाई आणि वॉशमध्ये (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या हातात) काढायचाय, कुठली शाई नेऊ? १५९० च्या दशकातलं हे घर म्हणजे भिंतीपेक्षा काचच जास्त, त्यामुळे खरी कसोटी खिडक्यांचीच.

रेषा: पक्की काजळी शाई पूर्ण वाळली की वॉशचे तीन-चार हात दिले तरी खिडकीची बारीक चौकट हलत नाही. विरघळणारीवर ओला ब्रश फिरला की रेषाच सावली होते. मनोऱ्यांच्या काळोख्या बाजूला ते फार देखणं दिसतं, पण खिडक्यांची जाळी पुसटते.

टिकाऊपणा: काजळीतला कार्बन उन्हाने उडत नाही. विरघळणाऱ्या शाया बहुतेक रंजकांच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगांच्या; त्यांतलं चित्र भिंतीवर लावलं की फिकटतं.

कष्ट: लाखेची पक्की शाई फाउंटन पेनमध्ये कधीच भरू नये, आत वाळून पेन बाद होतं. टाक वापरावा, लगेच धुवावा. विरघळणारीला एक पेन आणि पाण्याचा ब्रश पुरतो.

किमतीत फारसा फरक नाही.

फ्रेम करायचं, खिडक्या मोजून काढायच्या, तर पक्की. बागेत उभ्याउभ्या वीस मिनिटांत वहीत टिपायचं असेल, तर विरघळणारी. मैत्रिणीला मी पक्कीच सांगितली.